बेचाळिसावं मिनिट

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. तेहतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. आमच्या घरात देव्हारा नव्हता. सकाळी बुद्धवंदना व्हायची आणि मग जो तो आपापल्या कामाला लागायचा. कुणाच्या अंगात आलंय असं कळलं की "आधी ताप मोजा" म्हणणारी मी. या सदरातले अनुभव मी वाचायचे ते चुका काढायला... खरं तेच सांगते.

मग आज का लिहितेय? तर माझ्या नातीमुळे. मैत्री आणि तिचा धाकटा भाऊ रोहन, दोघं कॅनडात वाढले. मागे मी त्यांना माझ्या एका जुन्या वहीचे फोटो पाठवले होते. मैत्रीने कॉलवर विचारलं, "आजी, यादीत शेवटी बेचाळीस नंबर आहे. आमच्याकडे सीडीवर एक्केचाळीसच आहेत. बेचाळीस कुठेय?"

मी म्हटलं, "ते फोनवर सांगण्यासारखं नाही बाळा. लिहून कळवते." ती म्हणाली, "मग सगळ्यांनाच वाचू दे ना."

तर मैत्री, रोहन, आणि बाकीचे वाचक... ऐका.

आम्ही औंढा नागनाथला राहायचो. स्टँडच्या मागच्या नव्या वस्तीत तीन खोल्यांचं साधं घर, पुढे कडुनिंब. तुमचे आजोबा जनावरांचे डॉक्टर. सगळी नोकरी याच भागात झाली: कुरुंदा, पुसेगाव, शेवटी औंढा. सगळे त्यांना डॉक्टरसाब म्हणायचे. मीसुद्धा "डॉक्टर"च म्हणायची. डोंगराकडचे तांडे, आसपासची खेडी, कुठूनही निरोप आला की हे मोटारसायकलला किक मारायचे. त्यांची एक सवय होती. जमणार नसेल तर तोंडावर सांगायचे, "आज न्हाई जमत." पण एकदा "येतो" म्हणाले की येणार. पूर येवो, लेकीचं लग्न असो. खरंच सांगते, तुमच्या आईच्या लग्नात जेवणाच्या पंगती चालू असताना हे तासभर गायब होते. कुणाची तरी म्हैस अडली होती. सकाळी "येतो" म्हणून बसले होते ना!

रिटायर झाले आणि तुमची आई लग्न होऊन तिकडे गेली. त्यानंतर डॉक्टरांनी कॉम्प्युटर घेतला. हिंगोलीहून जीपमध्ये मांडीवर धरून आणला. मॉनिटर एका मांडीवर, आणि ज्याला सीपीयू म्हणतात तो डबा दुसऱ्या मांडीवर. टेबलावर मांडल्यावर म्हणाले, "आता हा आपला बैल. तुमी याला वैरण घालू नका, मी बघतो."

बैलच म्हणायचे शेवटपर्यंत. जुन्या झुलीचं कापड कापून त्याला कव्हर शिवून घेतलं. आरसे लावलेलं, लाल-निळं. मी म्हटलं, "अहो, ऑफिसात पांढरं असतं." तर म्हणे, "ऑफिसातले बैल भाड्याचे असतात."

त्यात आवाज रेकॉर्ड करायची सोय होती. गंमत अशी की एका वेळी साठच सेकंद घ्यायचं आणि आपोआप थांबायचं. डॉक्टर खाकरायचे, "हं..." म्हणायचे आणि सुरू. गायीच्या पोटाला कान कसा लावायचा, बैलाच्या जिभेवरून काय कळतं, कुरुंद्याला हळद शिजवायच्या कढईत वासरू कसं पडता पडता वाचलं... रंगात आले की मिनिट संपायचं. मग पुन्हा "हं..." आणि पुढचं मिनिट. म्हणायचे, "नातवंडं झाली की ऐकतील. मी नसलो तरी बैल बोलंल."

मी त्याची वही ठेवली. क्रमांक, विषय, कालावधी, शेरा. पट्टीने आखलेली. क्रमांक सतरामध्ये मी "दूध उतू गेलं, लक्ष कुठंय तुमचं!" असं ओरडलेलं आहे. मी ते काढून टाकायला सांगितलं, तर त्यांनी शेऱ्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "उत्तम."

असे एक्केचाळीस झाले. एका फ्लॉपीवर जेमतेम एक मिनिट मावायचं. डॉक्टरांनी चार डबे, म्हणजे चाळीस कोऱ्या फ्लॉप्या आणून कपाटात ठेवल्या होत्या. पण इतक्या फ्लॉप्या पोस्टाने कोण पाठवणार? म्हणून ठरलं, उन्हाळ्यात हिंगोलीला जाऊन एकच सीडी करून घ्यायची.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत तुमच्या आईचा फोन आला की बाळ येणार आहे. म्हणजे तू, मैत्री. डॉक्टर दिवसभर गल्लीत सांगत फिरले. मार्चमध्ये ते गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि... बस्स.

मी माइक आणि स्पीकर खोक्यात भरले, सुतळीने बांधले, वर लेबल लावलं आणि गोदरेजच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. कॉम्प्युटरवर झूल घातली. तीन महिने त्याच्याकडे बघितलं नाही.

जूनमध्ये तुमची आई फोनवर रडली. "आई, मला बाबांचा आवाज आठवतच नाही गं. चेहरा आठवतो, आवाज नाही. फोनवर ऐकव ना एखादं." मी झूल काढली. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: डिस्क बूट फेल्युअर. इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर.

जन्मभर इंग्रजी शिकवलेली मी. शब्द न् शब्द वाचता आला, आणि अर्थ एकाचाही लागला नाही.

एंटर दाबलं. तेच. बंद करून लावलं. तेच. मग मी माझ्या पद्धतीने वही उघडली. वीज आहे: होय. वायरी घट्ट: होय. फ्लॉपी आत राहिली आहे का: नाही. पडद्यावरची तारीख: चुकीची. आठ दिवस रोज सकाळी दहाला लावून बघायची आणि नोंद करायची. आठही दिवस तीच ओळ.

हिंगोलीहून फेरोजभाई आले. चाळिशीचे, पान खाणारे, हाताला हलके. डॉक्टरांना ओळखायचे. त्यांनी डबा उघडला, आतली मेमरीची पट्टी काढून शाळेतल्या खोडरबरने घासली, पुन्हा बसवली. वायर बदलली. छोटा सेल संपला होता म्हणून तारीख चुकत होती, ते सांगितलं. मग कान लावून बसले, अगदी डॉक्टर गायीच्या पोटाला लावायचे तसे. आतून टक्... टक्... असा आवाज येत होता.

"म्याडम, हार्ड डिस्क गयी. अंदर प्लेट अटक रही है."

"मग?"

"नवी डालतो ना. मशीन एकदम नवीसारखी."

"आणि जुन्यातलं?"

त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "वो भूल जाओ म्याडम."

भूल जाओ! घरात टेप होता, पण डॉक्टरांचा आवाज कुठल्याच कॅसेटवर नव्हता. "कॅसेटला बुरशी लागते," म्हणायचे. त्यांचा जगातला सगळा आवाज त्या टक् टक् करणाऱ्या डबीत होता.

फेरोजभाईंनी मशीन आठ दिवस हिंगोलीला नेऊन बघितलं, परत आणलं. नाहीच. शेवटी मी नवीन डिस्क टाकायला होकार दिला. ते म्हणाले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, जुनी काढून घेऊन जातो.

आता पोळ्याचं सांगते, कारण खरं ते तिथेच आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप आणि हळद चोळायची, आणि बैलाला आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मग पोळ्याला त्याला पुरणपोळी. त्या दिवशी बैल जुंपायचा नाही, कितीही अडलं तरी. डॉक्टर दरवर्षी त्यांच्या या बैलालाही तूप-हळद चोळायचे आणि आवतन द्यायचे. मी म्हणायची, "शोभतं का आपल्या घरात? पूजाबिजा..." तर म्हणायचे, "पूजा कुठं? मालिश करून राहिलो."

तूप आणायची झमकूबाई. डोंगराकडच्या तांड्यावरची, माझ्याच वयाची. हातभर पांढऱ्या बांगड्या. एका वर्षी तिचा बैल बसला तो उठेना. तीन दिवस झाले, खाटकाला बोलवायची गोष्ट निघाली. डॉक्टर रोज जायचे, सलाईन लावायचे, कूस बदलायचे, पाय चोळायचे. चौथ्या दिवशी खांदमळणी होती. तर हे म्हणाले, याचंही खांद मळा, यालाही आवतन द्या. पोळ्याच्या दिवशी दुपारी बैल उठला. औषधाचा गुण, मी म्हणायची. डॉक्टरही हसून हेच म्हणायचे. क्रमांक एकोणतीस ते बत्तीस, चार मिनिटं, ही गोष्ट आहे. तेव्हापासून झमकूबाईचं तूप आमच्याकडे दरवर्षी ठरलेलं.

त्या वर्षीही आली. दुपारचे चार वाजले असतील. पितळी डबी पुढे ठेवली, पाणी प्याली आणि टेबलाकडे बघून म्हणाली, "डाक्टरसाबच्या बैलाचं खांद मळलं का?"

"आता कोण मळणार झमकूबाई? आणि मशीनही मेलंय."

"मेलंय? कोन म्हनलं?"

"हिंगोलीचा मेकॅनिक. तीन महिने उठलं नाही."

ती उठली, झूल बाजूला केली, त्या डब्यावर हात ठेवला. "बसलाय व्हय. बसलेल्याला मेलं म्हनत न्हाईत, बाई. तुमी शिकलेल्या ना? डाक्टरसाबनी येवढं बी न्हाई शिकवलं का?"

मला राग आला... आणि मग नाही आला. तिने हळद मागितली. मी दिली. पण तुपाचा हात विजेच्या वस्तूला लावायचा म्हटल्यावर मी भिंतीतला प्लग काढला आणि हातात धरून उभी राहिले. म्हटलं, "थांबा झमकूबाई. प्लग काढलाय. हं, आता लावा."

हे वाक्य लक्षात ठेवा.

तिने डब्याच्या वरच्या दोन्ही कडांना तूप-हळद चोळली, चांगली दाबून, खांदे चोळावेत तशी. बांगड्या वाजत होत्या. "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मग माझ्याकडे वळली. "आता तुमी म्हना."

"मी? मी कधी म्हटलं नाही."

"काहून? लाज वाटती? घरधन्याचं आवतन घरधनीन देते. मी परकी."

मी म्हटलं. अगदी हळू. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. म्हणताना मी मशीनशी बोलत नव्हते, हे कबूल करते. रस्त्यावरून धुतलेले बैल चालले होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. प्लग माझ्या हातात होता.

जाताना दारातून वळून तिने बजावलं, "उद्या जुपू नका हां याला. वचन द्या."

"दिलं," मी म्हटलं. माणूस हसण्यावारी देतो तसं.

दुसऱ्या दिवशी, ऐन पोळ्याला, सकाळी नऊला फेरोजभाईंचा फोन. "म्याडम, मी आजच येतो. कल नांदेड जाना है, फिर आठ-दस दिन नहीं होता. आज डिस्क बदलून टाकू, फारिग व्हा."

मी "या" म्हणणार होते. आणि तोंडातून निघालं, "आज नाही. आज पोळा आहे."

"तो क्या हुआ? आप के घर में बैल किधर है?"

काय सांगणार? म्हटलं, "आहे एक. बसलाय. आज त्याला हात लावायचा नाही."

बाई दुःखाने जरा हलल्या आहेत असं त्यांना वाटलं असणार. "ठीक है. कल सुबह आके जाता हूँ," म्हणाले, "नांदेड दुपारी." बिचाऱ्यांनी माझ्यासाठी आपलं काम पुढे ढकललं.

मी पुरण घातलं. एक पोळी ताटलीत घेऊन टेबलावर ठेवली, डॉक्टर ठेवायचे तशी. बटणाला हात लावला नाही. दिवसभर वाटत होतं, किती हा मूर्खपणा. संध्याकाळी ती पोळी मीच खाल्ली.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला फेरोजभाई आले. चंदेरी पिशवीतली नवीन डिस्क टेबलावर ठेवली. कडांवरचा पिवळा थर बोटाने पुसत म्हणाले, "ये क्या लगाया?" त्यांनी प्लग लावला. "खोलने से पहले एक बार देख लेते," म्हणत बटण दाबलं.

पंखा फिरला. काळा पडदा. मी ती पांढरी ओळ यायची वाट बघत होते, पाठ झाली होती. ती आली नाही. विंडोजचं निळं आभाळ आलं, ढग आले...

फेरोजभाईंच्या तोंडातलं पान थांबलं. "म्याडम, कुछ मत छूना."

मशीन बंद केलं तर पुन्हा उठेल याचा भरवसा नव्हता, म्हणून दुसरी डिस्क जोडता येईना. म्हणाले, "फ्लॉपी आहेत का?" कपाटात चाळीस होत्या. त्यांच्या पिशवीत दोन निघाल्या. एकेक मिनिट एकेका फ्लॉपीवर उतरवायला सुरुवात केली. मी लेबल लिहून देत होते, ते घालत होते, काढत होते. मधूनच टक्... टक्... यायचं आणि आम्ही दोघं श्वास धरून बसायचो. दहा झाले. वीस झाले. सतरावं उतरलं तेव्हा मला हसू आलं आणि डोळे भरून आले. दीड तास गेला. नांदेडची गाडी गेली असेल. फेरोजभाई पुढची फ्लॉपी मागत राहिले.

"हो गया," ते म्हणाले. "सब ले लिया."

मी फ्लॉप्यांचा रिकामा डबा उचलला आणि थांबले. चाळीस आणि दोन, बेचाळीस फ्लॉप्या. माझ्या वहीत एक्केचाळीस मिनिटं. एक फ्लॉपी उरायला हवी होती. उरली नव्हती.

पुन्हा मोजल्या. माझं मोजणं चुकत नाही. शेवटची फ्लॉपी हातात घेतली, तिच्यावर लेबल नव्हतं. मी एक्केचाळीसच लिहिली होती. फेरोजभाईंनी पडद्यावर दाखवलं. खरंच होतं तिथे, एक्केचाळीसच्या खाली, बेचाळीस. तारीख बघून काही कळेना, सेल संपलेला, तारखा सगळ्या उलटसुलट.

"सुनते हैं," ते म्हणाले.

मी कपाटाचं कुलूप काढलं, खोकं आणलं. सुतळीची गाठ माझीच, मार्चमध्ये मारलेली, सुटत नव्हती म्हणून कात्रीने कापली. स्पीकर जोडले. माइक खोक्यातच राहिला.

आधी आमच्या पंख्याचा आवाज. तो एका फेरीला कट् करतो, तसा. मग माझा आवाज, स्पष्ट: "थांबा झमकूबाई. प्लग काढलाय. हं, आता लावा." मग बांगड्या. झमकूबाईचं आवतन. "आता तुमी म्हना." मग मी, अगदी हळू. मग काहीच नाही. लांब घुंगरं. फेरोजभाई माझ्याकडे बघत होते, मी पडद्यावरच्या सेकंदांकडे. चोपन्न. पंचावन्न.

मग कुणीतरी खाकरलं. "हं..."

आणि म्हणालं, "येतो."

साठ. थांबलं.

मग फेरोजभाईंनी विचारलं, "साबकी आवाज है ना?" मी मान हलवली. "म्याडम... माइक किधर था?" मी खोक्याकडे बोट दाखवलं. त्यांनी माइक हातात घेतला, उलटसुलट बघितला, आणि देवासमोरची वस्तू ठेवावी तसा परत ठेवला.

दोनच मिनिटांत टक्... टक्... झालं, पडदा गोठला. मशीन बंद केलं, लावलं. पांढरी ओळ आली. त्यानंतर ते कधीच उठलं नाही.

त्या वेळी ते सुरू का झालं, याचं उत्तर आहे, बरं का. फेरोजभाई नंतर म्हणाले, एक दिवस शांत पडून राहिल्यावर, कडा चोळताना दाब बसल्यावर, अडकलेली प्लेट कधी कधी सुटते. पोळ्याच्याच दिवशी त्यांनी ती डिस्क उपटली असती तर सगळं गेलं असतं, हेही त्यांनीच सांगितलं. इथपर्यंत मला पटतं. डॉक्टरांनीही एखाद्या जुन्या वर्षी खांदमळणी रेकॉर्ड केली असेल आणि वहीत लिहायची राहिली असेल, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. पण मग माझा आवाज? मी ते शब्द आयुष्यात पहिल्यांदा त्या दुपारी म्हटले. प्लग माझ्या हातात होता. मशीन मुकं होतं. माइक कुलपात होता.

पुढे हिंगोलीला सीडी झाली. ऑक्टोबरमध्ये तू झालीस मैत्री, आणि तुझ्या आईने दवाखान्यात पहिलं मिनिट तुझ्या कानाशी लावलं. सीडीत मी एक्केचाळीसच घातली. बाळंतिणीला घाबरवायचं नव्हतं, हे एक. दुसरं असं की ते आवतन मी दिलं होतं, उत्तर मला आलं होतं. तेवढं एक माझ्यापुरतं ठेवावंसं वाटलं. झमकूबाईला मात्र सांगितलं. तिला नवल वाटलंच नाही. म्हणाली, "मंग? डाक्टरसाब येतो म्हनले अन् आले न्हाईत, असं कधी झालंय का?"

ती फ्लॉपी माझ्या ट्रंकेत आहे. आता ती वाजवणारं यंत्र कुणाकडे नाही, आणि इतक्या वर्षांनी तिच्यावर काही उरलं असेल असंही नाही. या खेपेला तुम्ही आलात की घेऊन जा. वहीतल्या बेचाळिसाव्या ओळीत विषय मी नंतर भरला: "आवतन." कालावधी: साठ सेकंद. शेरा कोराच आहे. काय लिहावं ते मला अजून कळलेलं नाही.

कॉम्प्युटरचा तो रिकामा डबा अजून टेबलावर आहे, झुलीखाली. खांदमळणीला मी त्याच्या कडांना तूप-हळद लावते. प्लग आधी काढते... सवय. आवतन देते. आणि पोळ्याला दुपारी दोन ताटं वाढते. विश्वास नाही, हे वर लिहिलंच आहे. पण येतो म्हटलेल्या माणसाचं ताट वाढायचं नाही, हे मला जमणार नाही.